रक्ताबाईचं माहेर

नर्सिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहीत नसे. एका मुलीला समोर उभं करायचो आणि बाकीच्यांना विचारायचो, "हिचा उजवा हात कोणता?" निम्मा वर्ग स्वतःच्या उजव्या हाताच्या समोर बोट दाखवायचा, म्हणजे तिच्या डाव्या हाताकडे. मग मी सांगायचो, बायांनो, इथून पुढे उजवं म्हणजे पेशंटचं उजवं आणि डावं म्हणजे पेशंटचं डावं. तुमचं स्वतःचं उजवं-डावं घरी जेवताना वापरायचं. डॉक्टरांनी उजव्या पायाला पट्टी बांधायला सांगितली आणि तुम्ही तुमच्या उजवीकडे दिसला तो पाय बांधला, तर दुखरा पाय तसाच ठणकत राहील आणि धडधाकट पाय उगाच आजारी म्हणून मिरवेल.

मुली हसायच्या. मीही हसायचो. पुढे याच नियमावर मी स्वतः असा आपटलो, की माझ्याबरोबर एक अख्खी बॅच आपटली आणि वंदना नावाच्या मुलीच्या माथी माझी चूक कायमची बसली. ती चूक माझी आहे हे मी त्या वेळी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा लोकांनी मला देवमाणूस ठरवलं. म्हणून आता चौथ्यांदा, छापून सांगतो आहे. छापलेल्यावर लोक जरा जास्त विश्वास ठेवतात असं ऐकलं आहे.

आयुष्यभर मी एका ज्युनियर कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक, झुरळं आणि मुलं सांभाळली. निवृत्त झाल्यावर वर्ध्यातल्या एका छोट्या खासगी नर्सिंग स्कूलने मला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायला बोलावलं. खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर आमची शाळा. हे दोन विषय बाहेरच्या माणसाला एकच वाटतात. तसं नाही. घरात चूल कुठे, पाण्याचा माठ कुठे, न्हाणी कुठे, ही झाली रचना. स्वयंपाक कोण करतं, पाणी कोण भरतं आणि तुंबलेली न्हाणी कोण मोकळी करतं, ही झाली क्रिया. नर्स होणाऱ्या मुलीला दोन्ही यावं लागतं. कमरेखाली कुल्ल्यावर सुई टोचायची तर बाहेरच्या वरच्या कोपऱ्यातच का टोचायची, हे ज्याला हाडं आणि नसा माहीत आहेत त्यालाच कळतं. भलत्या जागी टोचली तर माणूस सुई घ्यायला चालत येतो आणि लंगडत जातो.

आमच्या मुली बहुतेक खेड्यांतल्या, बारावी आर्ट्स झालेल्या. इतिहास-मराठीत हुशार, पण विज्ञान दहावीतच सोडून आलेल्या. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा "स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड" हा मानेचा स्नायू उच्चारला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाप्पा! एवढं मोठं नाव, आन् मान एवढीशी!"

शाळेजवळ साहित्य म्हणजे एक प्लॅस्टिकचा सांगाडा, एक हृदयाचा तक्ता आणि खऱ्या हाडांची एक पेटी. सांगाड्याला मुली "जावई" म्हणायच्या. कारण तो कोपऱ्यात पंख्याखाली उभा असायचा, काही काम करायचा नाही, आणि येता-जाता कुणाचा धक्का लागला तर लगेच त्याचं काहीतरी निखळायचं. एकदा जावयाचं गुडघ्याचं हाड हरवलं तर आठवडाभर तिथे बाटलीचं झाकण लावलं होतं. तोंडी परीक्षेत एका मुलीने त्याकडे बोट दाखवून "झाकण" असंच उत्तर दिलं. गुडघ्याच्या वाटीला ते नाव फार चुकीचं नाही म्हणून मी अर्धा गुण दिला.

नाडी मोजायला शिकवताना मी स्वतःचाच हात पुढे करायचो. एका मुलीने बराच वेळ माझं मनगट चाचपलं, मग घाबऱ्या आवाजात मैत्रिणीला म्हणाली, "सरायची तं बंद हाय वं!" मैत्रिणीने दुसरा हात धरला. तिलाही लागेना. दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मलाच शंका यायला लागली. नंतर कळलं, दोघी करंगळीच्या बाजूला शोधत होत्या. नाडी अंगठ्याच्या बाजूला बोटाला चटकन लागते.

हे सगळं पाठ कसं करून घ्यायचं, हा माझा खरा प्रश्न होता. पुस्तक वाचून मुलींना झोप यायची, आणि खरं सांगायचं तर मलाही. त्यावर उत्तर सापडलं ते भुलाबाईत.

आमच्याकडे आश्विनात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. मातीच्या भुलाबाई-भुलोजींसमोर टाळ्या वाजवत फेर धरायचा, सासर-माहेरची लांबलचक गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. खिरापत बंद डब्यात असते. डबा कानाशी धरून खुळखुळवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. ओळखेपर्यंत डबा उघडत नाहीत. त्या दिवसांत आमच्या मुली मधल्या सुटीत वर्गातच फेर धरत होत्या. मी सकाळच्या तासाला शिकवलेलं संध्याकाळी विसरणाऱ्या या मुलींना वीस-वीस कडव्यांची गाणी एकही शब्द न चुकता येत होती. मी दारात उभा राहून ऐकलं आणि मनात म्हटलं, वेड्या, तू इतके दिवस फळ्याला कशाला डोकं फोडतोस?

दुसऱ्या दिवशी मी पेटीतलं एक हाड स्टीलच्या डब्यात घालून आणलं. डबा फिरवायचा, खुळखुळवायचा, मग डोळे मिटून आत हात घालायचा आणि हाड ओळखायचं, कोणत्या बाजूचं तेही सांगायचं. वर्ग पेटून उठला. ज्या मुली हाडाला हात लावायला घाबरायच्या, त्या डब्यासाठी भांडू लागल्या. एकदा कुणीतरी माझी नजर चुकवून डब्यात फुटाणा टाकला. डबा वंदनाकडे आला. तिने डोळे मिटून हात घातला, बोटांत फिरवला आणि ठामपणे म्हणाली, "मनगटातलं वाटाण्याएवढं हाड, सर. पिसिफॉर्म." मग डोळे उघडले, पाहिलं, आणि वर्गाकडे बघत ते हाड सरळ तोंडात टाकून कुरकुर चावलं. दोन मुली किंचाळल्या. एक खरंच बाकावरून खाली सरकली. तेव्हापासून मुली मला "खिरापत सर" म्हणू लागल्या.

वंदना मूळची रोहण्याची, नाचणगावला दिलेली. एक लहान मुलगी होती, ती रोहण्याला आजीकडे ठेवून ही वर्ध्याला शिकत होती. सासूने शिकायला परवानगी दिली होती, पण अट घातली होती: एकदा जरी नापास झाली तर पुस्तकं बंद आणि घरी. वंदना हे हसत हसत सांगायची. हसताना तिच्या हातातली वही मात्र घट्ट धरलेली असायची.

हाडांचं जमलं, तसं मला चेव चढला. हृदयातलं रक्ताभिसरण हा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, आणि दरवर्षी त्यातच मुली बुडायच्या. हृदयाच्या चार खोल्या. वरच्या दोन अलिंद, खालच्या दोन निलय. शरीरभर फिरून, प्राणवायू संपवून आलेलं रक्त उजव्या अलिंदात येतं, तिथून उजव्या निलयात उतरतं, फुप्फुसात जाऊन ताजी हवा घेतं, मग डाव्या अलिंदात परत येतं आणि डाव्या निलयातून जोरात शरीरभर निघतं. मी म्हटलं, हे तर सासरवाशिणीचंच गाणं आहे! शरीर म्हणजे सासर, तिथे राबून दमायचं. फुप्फुस म्हणजे माहेर, तिथे जाऊन ताजंतवानं व्हायचं, आणि पुन्हा सासरी. अलिंद म्हणजे ओसरी, निलय म्हणजे माजघर. हृदयाचा तक्ता घरी नेला, कपाटाला टांगला, समोर खुर्चीत बसलो आणि एका बैठकीत गाणं रचलं:

दमली भागली रक्ताबाई आली कुठून गं?
सासरची कामं करून आली घामेजून गं.
डाव्या अंगाच्या ओसरीत टेकली घडीभर गं,
डाव्या अंगाच्या माजघरात उतरली भरभर गं.
तिथून गेली माहेराला, फुप्फुसाच्या घरी गं,
ताजी हवा पिऊन झाली लालीलाल सारी गं.
उजव्या अंगाच्या ओसरीत आली माघारी गं,
उजव्या अंगाच्या माजघरातून निघाली सासरी गं.

वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. तक्त्यातलं हृदय माझ्याकडे तोंड करून होतं. त्याची उजवी बाजू माझ्या डावीकडे. मी तक्त्यासमोर बसून माझं स्वतःचं डावं-उजवं गाण्यात घातलं, आणि रक्ताबाईला भलत्याच घरात शिरवलं. पहिल्या दिवशी मुलींना हसत हसत सांगितलेला नियम मी कवी झाल्याबरोबर विसरलो.

गाणं वर्गात पेटलं. वंदनाचा आवाज खणखणीत, ती पुढे म्हणायची आणि बाकीच्या मागून. जिन्यात, बसस्टॉपवर, जावयाभोवती फेर धरून, मुली रक्ताबाई म्हणायच्या. खालच्या हार्डवेअरवाल्याच्या नोकरालाही पाठ झालं होतं. मी खुर्चीत बसून मान डोलवायचो. तास मजेत जायचा आणि पुस्तक उघडायची गरज कुणालाच वाटायची नाही.

परीक्षेत प्रश्न आला. पेपर तपासायला आणि तोंडी घ्यायला नागपूरहून एक परीक्षक मॅडम आल्या होत्या. दुपारी त्यांनी मला आणि आमच्या प्राचार्याबाईंना ऑफिसात बोलावलं. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

"सर, ये क्या चक्कर है?" त्या म्हणाल्या. "साऱ्या वर्गाने रक्त डावीकडून आत आणलंय. एकही अपवाद नाही. एखादी चुकली असती तर समजू शकते. सगळ्या सारख्याच कशा चुकल्या?"

प्राचार्याबाईंचा चेहरा पडला. मॅडमनी एक पत्रिका उघडून मोठ्याने वाचली: "'नंतर रक्त माहेरी जाते व तेथे ताजेतवाने होते.' सर, माहेर कुठल्या पानावर आहे पुस्तकात? आणि ही ऐका. 'घामेजलेले रक्त ओसरीत घडीभर टेकते.' ही सरळ सरळ सामूहिक कॉपी आहे. मला वर कळवावं लागेल. सगळ्यांचा पेपर रद्द."

माझ्या डोळ्यांसमोर तो तक्ता आला, कपाट आलं, खुर्ची आली. त्या खुर्चीत बसलेला मूर्ख आला. आणि नाचणगावची सासू आली, जिला मी तोपर्यंत पाहिलंही नव्हतं.

"कॉपी नाही मॅडम," मी म्हटलं. "गाणं आहे."

"गाणं?"

"तुम्ही एकेकीला बोलवा. म्हणायला सांगा."

त्यांनी खरंच एकेकीला आत बोलावलं. पहिलीने भीत भीत म्हटलं. दुसरीला टाळ्यांशिवाय आठवेना, म्हणून टाळ्या वाजवायची परवानगी दिली. तिसरीला टाळ्या वाजवूनही पुढचं सुचेना. "मॅडम, फिरल्याबिगर येत नाई," ती म्हणाली, आणि परीक्षक मॅडमच्या खुर्चीभोवती फेर धरून तिने सगळं गाणं एका दमात संपवलं. मॅडम मान वळवून वळवून तिच्याकडे पाहत होत्या. चौथी मध्येच अडखळली आणि पुन्हा "दमली भागली"पासून सुरू झाली, कारण मधून उचलायची सवयच नव्हती. वंदनाने मात्र खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता सगळं म्हटलं. शेवटच्या दोघींना मॅडम स्वतःच टाळ्यांची साथ देत होत्या. त्याही इकडच्याच. लहानपणी भुलाबाई खेळलेल्या असणार.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कॉपी नाही. पण ही चूक रचली कुणी?"

"मी," मी म्हटलं.

ही माझी पहिली कबुली. मॅडम माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहून हसल्या. "सर, रहने दो. या वयाचा पुरुष माणूस सासर-माहेरचं गाणं रचेल? ज्या मुलीने खणखणीत म्हटलं, तिला एक शब्द आठवावा लागला नाही. तिचंच आहे."

वंदनाला पुन्हा आत बोलावलं. ती सरळ म्हणाली, "नाई मॅडम. सरायनंच रचलं."

"बघा!" प्राचार्याबाई उसळल्या. "सर बिचारे तुझा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन राहिले, आणि तू त्यांच्यावरच ढकलतेस? लाज नाही वाटत?"

"पण खरंच मी..." मी म्हणालो.

"सर, तुम्ही बसा," प्राचार्याबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "असे शिक्षक आता राहिले नाहीत."

इथे मी ओरडायला हवं होतं. टेबलावर हात आपटायला हवा होता, तक्ता आणून दाखवायला हवा होता. मी बसलो. खुर्ची जवळ होती.

पेपर रद्द झाला नाही. त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांचे गेले. बाकीच्या मुली काठावर का होईना तरल्या. वंदनाचे मात्र प्राचार्याबाईंनी वागणुकीचे अंतर्गत गुणही कापले, गुरुजींवर खोटा आळ घेतला म्हणून. ती त्या एका विषयात थोडक्यात राहिली. फेरपरीक्षा द्यावी लागणार होती, आणि फेरपरीक्षा म्हणजे नापास. तिच्या सासूच्या हिशेबात दुसरा शब्दच नव्हता.

मी पुलगावची एसटी धरली आणि तिथून नाचणगावला गेलो. वंदना आधीच घरी पोचली होती, चुलीपाशी पाठमोरी बसली होती. सासू बाहेर बाजेवर. मी दुसरी कबुली दिली. सगळं सांगितलं. तक्ता, कपाट, डावं, उजवं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे गाणं तुमी रचलं," ती म्हणाली.

"हो."

"सासर-माहेरचं."

"हो."

"तुमाले कदी सासर होतं का, मास्तर?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग काऊन खोटं बोलता? या वयात?" तिने आत हाक मारली, "वंदे! चहा ठेव वं मास्तरायले, साखर घाल चांगली." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "मले एक सांगा. माही सून इतकी हुशार हाय? बसल्या बसल्या गाणं रचते? अन् तिच्यासाठी तुमच्यासारखा माणूस वर्ध्याहून येऊन लबाडी करते?"

"हुशार आहेच," मी म्हटलं. "पण गाणं..."

"बस झालं. देऊ द्या तिले ती परीक्षा. पण सांगून ठेवजा, आता सासूवर गाणं रचाचं नाई."

चुलीपाशी वंदनाचे खांदे हलत होते. ती रडते आहे असं मला वाटलं. चहा घेऊन आली तेव्हा कळलं, हसत होती. माझं खरं कुणी मानलं नाही म्हणूनच तिचं शिक्षण वाचलं, आणि यावर आनंद मानावा की लाज, हे मला आजही ठरवता येत नाही.

तिसरी कबुली शिक्षक दिनाला. प्राचार्याबाईंनी ठरवलं की विद्यार्थिनीचा दोष स्वतःवर घेणाऱ्या गुरूचा सत्कार व्हायला हवा. शाल, नारळ. आणि ती शाल वंदनाच्या हातून, तेही आधी तिने सगळ्यांसमोर माफी मागितल्यावर. वंदना माईकपाशी आली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "माझ्या चुकीच्या गाण्यामुळे वर्गाचे मार्क गेले. मी सर्वांची माफी मागते." मग माझ्याजवळ आली. शाल घालताना तिने तोंड माझ्या कानाशी आणलं. "सर, वाका ना थोडे. हात पुरत नाई."

मी वाकलो. मग माईक हातात घेतला आणि स्पष्ट म्हणालो, "हे गाणं माझं आहे. चूक माझी आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी उभं राहिलं, मग सगळेच उभे राहिले. मी पुन्हा म्हटलं, "अहो, खरंच माझं आहे." टाळ्या आणखी वाढल्या. मी शाल घेऊन घरी आलो. परत करायला हवी होती. थंडीत ती वापरली, हे त्याहून वाईट. ऊब चांगली देते.

वंदना फेरपरीक्षा पास झाली, पुढे नर्स झाली, आरोग्य उपकेंद्रात लागली. मी पुन्हा निवृत्त झालो, या वेळी कायमचा. कधी रस्त्यात जुनी विद्यार्थिनी भेटली की म्हणायची, "सर, ते वंदनाचं गाणं आठवते का?" मी "हो" म्हणायचो आणि भाजीच्या पिशवीत बघायचो.

या पावसाळ्यात मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलेलं: रक्ताबाईचं गाणं, रचना वंदना सिस्टर. मी तो उघडलाच नाही. म्हटलं, माझं चुकीचं डावं-उजवं आता जिल्हाभर फिरतंय, तेही तिच्या नावाने. उद्या कुणी डॉक्टर ऐकेल आणि तिलाच हसेल. त्या दिवशी हा लेख लिहायला घेतला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी वर्षभर आधीच मागून ठेवला होता. सगळं लिहून झाल्यावर वाटलं, छापायच्या आधी तिला वाचून दाखवावं. तिची परवानगी घ्यावी. आणि माफी मागावी. कबुली मी सगळ्यांसमोर दिली होती, तिच्याकडे माफी मात्र कधी मागितली नव्हती.

तिचं उपकेंद्र आर्वीच्या रस्त्यावर एका गावात आहे. मी पोचलो तेव्हा व्हरांड्यात आशाताईंची बैठक चालू होती. वंदना आता चष्मा लावते. केस पिकायला लागलेत. मला पाहिलं आणि पांढरा कोट सावरत उठली.

"बाप्पा! खिरापत सर! कोणती हवा इकडं घेऊन आली?"

तिने सगळ्यांना माझी ओळख करून दिली, पाया पडली, आणि मला सतरंजीवर बसवलं, आशाताईंच्याच ओळीत. मी लगेच खिशातून कागद काढले. म्हटलं, आधी हे ऐक. आणि सगळ्यांसमोर वाचलं, अगदी तुम्ही वाचलंत तसं, भाजीच्या पिशवीपर्यंत. आशाताई फुटाण्याला हसल्या, सासूला हसल्या. वंदनाही हसली. पण शाल आली तेव्हा थांबली. चष्मा काढून पदराने पुसत राहिली.

"आता काऊन सांगता सर?" ती म्हणाली. "तवा जोरात सांगाले पायजे होतं."

"सांगितलं होतं."

"सांगतलं होतं. जोरात नाई सांगतलं." तिच्या आवाजात राग नव्हता, तरी माझी मान खाली गेली. "मॅडमनं बसा म्हणतलं आन् तुमी बसले. मले तं कोणी बस म्हणतलं नाई."

मी म्हटलं, "माफ कर मला. म्हणून तर छापतो आहे. गाणं माझं, चूक माझी, तुझा काही संबंध नाही. तुझं नाव मोकळं करतो."

"नाई."

"काय नाही?"

"तुमी गाण्याचा तो व्हिडिओ ऐकला का?"

मी कबूल केलं, की भीतीने उघडलाच नव्हता. ती आशाताईंकडे वळली. "म्हणा वं."

त्या उठल्या, व्हरांड्यातच फेर धरला आणि टाळ्या सुरू झाल्या. रक्ताबाई उजव्या ओसरीत टेकली, उजव्या माजघरात उतरली, माहेराला गेली, डावीकडून सासरी निघाली. सगळं जिथल्या तिथं. आणि मध्ये दोन ओळी होत्या ज्या मी कधी रचल्या नव्हत्या. हृदयाच्या खोल्यांना झडपा असतात, रक्ताला पुढे सोडतात आणि मागे फिरू देत नाहीत. त्या मी गाण्यात घालायला साफ विसरलो होतो.

पुढं गेली रक्ताबाई, मागं लागलं दार गं,
सासूवाणी झडप बाई, घेऊ देईना माघार गं.

"सासूवर रचायचं नाही म्हणाली होती म्हातारी," मी म्हटलं.

"तिलेच म्हणून दाखवलं पयले. लय हसली. मंग म्हणे, चाल बरी हाय, ठेव." वंदनाने चष्मा पुन्हा लावला. "फेरपरीक्षेच्या वक्ती पुस्तक उघडलं, तवा दिसलं आपण कुठं चुकलो ते. बसून सारं गाणं दुरुस्त केलं. इतकी वर्षं आशायले शिकवून राह्यली. ट्रेनिंगले बोलावतात मले या गाण्यासाठी. आता तुमी छापान का हे तुमचं हाय, तं माह्याजवळ काय राहील? एकदा चूक माह्या नावावर लावली लोकायनं. आता बरोबर हाय ते तुमच्या नावावर जाऊ देऊ का मी?"

मी हातातले कागद पाहिले. पानोपानी मी, माझी चूक, माझं गाणं, माझी शाल. तिला मोकळं करायच्या नादात मी तिच्याजवळची एकुलती एक वस्तू काढून न्यायला निघालो होतो. तीही वर्ध्याहून, एसटीने, सत्कार झालेल्या माणसाच्या रुबाबात.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा का चुकलेलं गाणं तुमचं. दुरुस्त केलेलं माहं."

म्हणून तसं लिहितो. चुकीचं गाणं माझं होतं. आज जिल्ह्यात म्हणतात ते बरोबर गाणं वंदनाचं आहे. मोबाईलवर तिचं नाव पाहून कुणाला शंका आली तर त्यांनी हा अंक दाखवावा.

मी उठायला लागलो, तर तिने खुणेने बसवलं. "थांबा. जाच्या आधी म्हणून दाखवा. नाईतर तुमी पुढच्याले जुनंच शिकवान."

आशाताई सरसावून बसल्या. मी घसा साफ केला आणि सुरू केलं. दमली भागली, आली घामेजून, आणि तिसऱ्या ओळीला जीभ आपोआप डावीकडे गेली. सगळा व्हरांडा हसला.

"नापास," वंदना म्हणाली. "उठा. बसून नाई येणार तुमाले. आमच्यासंगं फेर धरा."

गुडघे धरत मी उठलो. दोन आशाताईंनी दोन्हीकडून माझे हात धरले, आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला घेतलं.